रेघ ठेवायची की घासायची?

"आजी, ही रेघ ठिवायची का घासायची?"

सांगलीच्या गावभागातलं जुनं घर. कार्तिकातल्या लग्नासाठी रंगकाम काढलेलं. माजघरातलं सामान मधोमध ओढून त्यावर जुनी लुगडी पसरलेली, फरशीवर ओल्या चुन्याचे ठिपके, आणि हातात पॉलिश पेपर घेऊन रंगारी भिंतीपाशी उभा. रेघ कमरेएवढ्या उंचीवर होती. फिकट तपकिरी, काही ठिकाणी पुसट, पण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सूत धरून मारल्यासारखी सरळ. गुलाबी डिस्टेंपरवर ती इतकी सवयीची झाली होती की रंगाऱ्यानं विचारेपर्यंत तिच्याकडे कुणी पाहिलंही नसावं. "ठेव रे. पाचची आहे ती," आजी म्हणाल्या. कुरुंदवाडहून लग्नाच्या तयारीला आलेल्या त्यांच्या नणंदेनं लगेच मान हलवली. "काहीतरीच वहिनी. पाचला एवढं कुठं आलं होतं पाणी? ही एकोणीसची." "वन्सं, तुम्ही होता का इथं पाचला?" झालं. चहा दोनदा गरम करावा लागला तरी निकाल लागला नाही, आणि रंगारी पॉलिश पेपर गुडघ्यावर ठेवून उंबऱ्यात बसून राहिला.

दोघी खोटं बोलत नव्हत्या. दोघींनी २००५ चा पूर पाहिलेला, दोघींनी २०१९ चा पाहिलेला. तरी एका रेघेचं साल ठरत नव्हतं, आणि ते ठरत का नाही हा प्रश्न त्या माजघरापुरता राहत नाही. कृष्णाकाठच्या कुठल्याही दोन घरांतली माणसं एकत्र बसली की पुराच्या गोष्टींची देवघेव सुरू होते, आणि प्रत्येक वेळी साल हीच सगळ्यात आधी घसरणारी गोष्ट असते. उंची मात्र घसरत नाही. "पाणी जोत्याच्या दुसऱ्या दगडाला लागलं होतं", "मारुतीचे पाय बुडाले, मांडी नाही", "झोपाळ्याची फळी तरंगत होती, कड्या ताणल्या नव्हत्या" अशी वाक्यं तीस-चाळीस वर्षांनी विचारली तरी तशीच्या तशी येतात. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "कितवं साल?" असं विचारून सुरुवात केली की ते माणूस चाचरतं, आणि आपल्याला काही आठवतच नाही असं वाटून गप्प बसतं. "पाणी कुठपर्यंत होतं?" असं विचारलं की तेच माणूस उठतं, भिंतीला हात लावून दाखवतं.

पुण्यातल्या घरांत हे उलटं असतं. पानशेतच्या पुराला तारीख आहे, १२ जुलै १९६१, आणि वारही, बुधवार. धरण सकाळी फुटलं, मग खडकवासल्यानंही दम सोडला. त्यामुळे त्या गोष्टी घड्याळावर चालतात: शाळा सुटली तेव्हा, भात शिजत होता तेव्हा, वडील ऑफिसातून परत येईपर्यंत. पुढे लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशी नवी घरं मिळाली आणि त्या पत्त्यांनीच तारीख जिवंत ठेवली. कृष्णेचा पूर असा एका सकाळचा नसतो. तो चार-पाच दिवस चढतो, दोन दिवस थबकतो आणि आठवडाभर उतरतो. चढताना तो अंगणातल्या काडीवर मोजला जातो. पाण्याच्या कडेला काडी रोवायची आणि तासाभरानं बघायचं, की ती पाण्यात गेली का कोरड्यात राहिली. अशा संथ गोष्टीला एक तारीख चिकटत नाही. तिला पायऱ्या चिकटतात.

आणि आकडे चिकटतात, पण पुलाचे. आयर्विन पूल १९२९ मध्ये खुला झाला. आज सांगलीत पूर म्हणजे त्या पुलाचे फूट: ४० ला इशारा, ४५ ला धोका. शेजारच्या कोल्हापुरात हेच काम राजाराम बंधारा करतो, ३९ आणि ४३. ज्या घरांना पुराची सवय आहे त्यांनी या आकड्यांचं आपापल्या दारापुरतं भाषांतर करून ठेवलेलं असतं. पुलावर अमुक झालं की बोळाच्या तोंडाशी, आणखी दोन फूट चढलं की मोरीतून उलटं पाणी. हे भाषांतर कुठल्याही फलकावर लिहिलेलं सापडणार नाही. ते घरातच सापडतं, आणि बहुतेक वेळा घरातल्या बाईकडे, कारण मोरीतून पाणी उलटं आलेलं सगळ्यात आधी तिलाच दिसतं. पणजोबांच्या वेळचा पूर "पुलाला इतके फूट" असा कुणी सांगू लागलं, तर मात्र थांबून विचार करावा. १९२९ च्या आधी तो पूलच नव्हता. आकडा नंतर कुणीतरी गोष्टीला शिवलेला असतो.

याच आकड्यांवरून सांगलीचा जावई आणि कोल्हापूरचा सासरा भांडतात तेव्हा दोघंही बरोबर असतात. सांगलीत २०१९ ला पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं. २०२१ ला ते ५५ च्या जवळ थांबलं. म्हणून सांगलीकराचा मोठा पूर एकोणीसचा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर २०१९ ला ५५ च्या वर, पण २०२१ ला ५६ च्याही वर गेलं. त्याचा मोठा पूर एकवीसचा. नदीखोरं एकच, पण पाऊस कुठल्या घाटावर किती तास पडला, कोणतं धरण तेव्हा किती रिकामं होतं, कोल्हापूरच्या पंचगंगेला पुढे कृष्णेची फूग, म्हणजे मागे रेटलेलं पाणी, किती होती, यावर प्रत्येक गावाचा मोठा पूर वेगळा होतो. कुरुंदवाड-नृसिंहवाडीकडच्या माणसाला तर दोन्ही नद्यांचा हिशेब ठेवावा लागतो, कारण संगम त्याच्या दारात आहे. तिथं पंचगंगा नुसती आपल्या पावसानं चढत नाही, कृष्णा तिला जाऊ देत नाही म्हणूनही चढते. माहेर एका गावात आणि सासर दुसऱ्यात असलेल्या बाईच्या डोक्यात म्हणूनच दोन वेगळे पूर एकाच साली बसलेले असतात. (कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विषय निघाला की मात्र गोष्ट संपते आणि वाद सुरू होतो. आठवणी गोळा करायच्या असतील त्या दिवशी तो विषय बाजूला ठेवावा.)

साल हवंच असेल तर पंचांगाकडून घ्यावं.

२०१९ ला पाणी चढलं ते नागपंचमीच्या दिवसांत, पंचमी ५ ऑगस्टला होती. त्याच दिवशी टीव्हीवर सकाळपासून काश्मीरची बातमी होती, त्यामुळे "काश्मीरचं चालू होतं आणि लाइट गेली" असं कुणी म्हणालं तर साल पक्कं समजावं. रक्षाबंधन त्या वर्षी १५ ऑगस्टलाच आलं, तेव्हा लोक चिखल काढत होते. २०२१ चं पाणी आषाढी एकादशीनंतर लगेच आलं आणि गुरुपौर्णिमेला, २४ जुलैला, सांगलीत ऐन भरात होतं. २००५ चं पाणी त्या दोन्हींच्या मधल्या दिवसांतलं, आषाढाच्या वद्य पक्षातलं. पंचमीची पुरणाची दिंडं केली नाहीत की दिव्यांच्या अवसेला कणकेचे दिवे लावायला जागा नव्हती, एवढं एक उत्तर मिळालं तरी तीन पूर सुटे होतात. आणखी जुन्या गोष्टींना आणखी जुने खुंट लागतात: गांधीहत्येनंतरच्या, अठ्ठेचाळीसच्या जाळपोळीआधी की नंतर, डिसेंबर १९६७ च्या भूकंपाआधी की नंतर, बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, थोरली पोटात होती की रांगत होती. बाळंतपणाचा खुंट सगळ्यात मजबूत. जन्माचा दाखला कुठंतरी असतोच, आणि बाळंतिणीला होडीत कसं बसवलं हे कुणी विसरत नाही.

उंचीतही फसायला होतं, पण वेगळ्या कारणानं. गुडघाभर, कमरेइतकं, गळ्याइतकं ही मापं सांगणाऱ्याच्या तेव्हाच्या शरीराची असतात. सात-आठ वर्षांच्या पोराचा गळा आणि मोठ्या माणसाची कंबर जवळजवळ एकाच उंचीला येतात, दोन्ही सव्वातीन फुटांच्या आगेमागे. तेव्हा भावाभावांत एक "गळ्याला" म्हणतो आणि दुसरा "कमरेला" म्हणतो, त्या दोघांच्या पाण्यात फरक नसतो, वयात असतो. आधी विचारावं, तेव्हा तुझं वय काय होतं आणि उभा कुठं होतास: ओसरीवर, अंगणात की रस्त्यावर? रस्ता तर भरवशाचाच नाही. डांबराचे थर वर्षानुवर्षं एकावर एक चढतात आणि जुन्या घराचं जोतं दोन पायऱ्यांवरून एका पायरीवर येतं. रस्त्यावरून मोजलेलं कंबरभर पाणी तीस वर्षांनी त्याच जागी मांडीभर निघतं. माप नेहमी न हलणाऱ्या दगडावरून घ्यावं. देवळाचं जोतं, वाड्याचा उंबरा, घाटाची पायरी, आडाचा काठ.

भिंतीवरची रेघ तरी खरी का? तीही नीट पाहावी लागते. पूर ओसरल्यावर भिंतीवर दिसणारी सगळ्यात वरची कड बहुतेक वेळा पाण्याची नसते, ओलीची असते. पांढऱ्या मातीची किंवा जुन्या विटांची भिंत पाणी वर ओढते, कंदिलाची वात तेल ओढते तशी, आणि ती ओल पाणी जिथं थांबलं त्याच्या फूटभर, कधी त्याहून वर जाऊन थबकते. त्या कडेला पुढे पोपडे येतात, मीठ फुलतं. ती नागमोडी असते. पाण्याची रेघ सरळ असते आणि तिच्यात गाळ असतो, बोटानं घासलं तर मैद्यासारखा मऊ लागतो. ती शोधायची ती जे पाणी पीत नाही त्यावर: कपाटाची काच, मीटरच्या पेटीची आतली बाजू, फरशीचे तुकडे, दाराची मागची बाजू. दाराच्या मागे तर कुणी रंगही नीट मारत नाही. एकाच पुराच्या दोन-तीन रेघा सापडल्या तर गोंधळू नये. पाणी उतरताना जिथं जिथं थबकतं तिथं तिथं रेघ सोडतं, आणि जास्त वेळ थांबलं तिथली सगळ्यात जाड असते. जाड रेघ म्हणजे मोठं पाणी असं धरलं की फसलं. टोक नेहमी वरच्या बारीक रेघेत असतं.

दोन घरांच्या रेघा जुळवायच्या असतील तर गवंड्याची पारदर्शक नळी पुरते. पन्नास-साठ फूट नळी घ्यावी, एका टोकानं सावकाश पाणी भरावं, आणि मध्ये बुडबुडा राहिलेला नाही हे सगळी लांबी डोळ्यांखालून घालून पाहावं. एक बुडबुडा राहिला तरी दोन टोकांचं पाणी एका पातळीला येत नाही. मग दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी बरोबरीला येतं का हे एकदा तपासावं. एक टोक या घरच्या रेघेशी, दुसरं बोळापलीकडच्या घराच्या भिंतीशी. पाणी हलायचं थांबलं की पेन्सिलीनं खूण. असं तीन-चार घरांत केलं की गल्लीचा पूर उभा राहतो, आणि मग गोष्टी एकमेकींना धरू लागतात. एका घरचे म्हणतात दिवेलागणीला पाणी उंबऱ्याला होतं आणि आम्ही निघालो. शेजारचे माडीवर राहिले, ते म्हणतात सकाळी खिडकीच्या तळाशी होतं. उंबरा ते खिडकी तीन फूट, मध्ये बारा तास: म्हणजे वीस मिनिटांना एक इंच. दोन अर्धवट आठवणींतून निघालेला हा वेग पुढच्या वेळी गाय केव्हा सोडायची ते सांगतो.

इथवर सगळं मोजमापाचं झालं. या रेघांचं एक दुखणंही आहे, आणि ते २०१९ ला सांगलीनं सोसलं.

पाचच्या पुरानं जुन्या माणसांच्या आठवणी मागे टाकल्या होत्या. ५४ फुटांच्या जवळ गेलेलं ते पाणी पुढची चौदा वर्षं घराघरांत सांगितलं गेलं, आणि सांगता सांगता ती पाण्याची कमाल मर्यादा होऊन बसली. एकोणीसला पाणी येणार असं कळल्यावर माणसं मोकळी बसली नव्हती. त्यांनी सामान उचललं, पण पाचच्या रेघेच्या वीतभर वर. दुकानांनी माल दुसऱ्या फळीवर चढवला, घरांनी धान्याचे डबे ओट्यावर आणि गाद्या पलंगावर. "पाचला पायरीला आलं होतं, फार तर आत येईल" हे वाक्य त्या आठवड्यात कितीतरी घरांत बोललं गेलं. पाणी त्यावर साडेतीन-चार फूट गेलं. ओटा, पलंग, दुसरी फळी, सगळं गेलं, आणि पायरीच्या भरवशावर मागे राहिलेली माणसं माडीवर अडकली. आजोबांची गोष्ट खरी होती, तरी तिनं नुकसान केलं. रेघ सांगते की पाणी इथवर येऊ शकतं. ते इथंच थांबतं असं ती कधीच सांगत नाही, पण ऐकणाऱ्याला तसं ऐकू येतं. गोष्ट सांगणाऱ्यानं आकड्यापाठोपाठ हे दर वेळी बोलून दाखवावं, एवढं मनापासून वाटतं.

हरिपूरच्या पेवांची, म्हणजे जमिनीत खणलेल्या कोठारांची, गोष्टही याच जातीची. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या मातीत पिढ्यानपिढ्या हळद ठेवली जायची: माणूस उतरेल एवढंच तोंड, आत वीस फुटांच्या आसपास आणि त्याहूनही खोल पोट. कडेनं पाला आणि चटया, मग हळद, वरून तोंड मातीनं बंद. माती अशी की ओल आत शिरत नाही आणि कीड लागत नाही. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, कित्येक तास वारा लागू द्यायचा, कारण बंद पोटात श्वास घेण्याजोगी हवा उरलेली नसते. इतकं बारीक ज्ञान असलेल्या माणसांनी पेवं तिथं खणली, कारण पाणी तिथवर येत नव्हतं. २००५ ला आलं. पेवं भरली, बरीचशी पुन्हा वापरात आलीच नाहीत. भिजलेल्या हळदीचा तो वास, गोडसर आणि कुबट, पोत्यांवर चढलेली वाफ, हे सांगताना माणसं अजून नाकाशी हात नेतात.

वास हा पुराच्या गोष्टीतला सगळ्यात टिकाऊ भाग. गूळ विरघळलेल्या पाण्याचा, फुगून फुटलेल्या ज्वारीचा, आणि सगळ्यांवर गाळाचा. गाळ ओला असतो तोवर लोण्यासारखा निघतो, वाळला की सिमेंट. म्हणून काठच्या घरांत पाणी पूर्ण जायची वाट बघत नाहीत. ते उतरत असतानाच, त्याच पाण्यानं, खराट्यानं भिंती आणि फरशी धुवत पाण्यामागोमाग उंबऱ्यापर्यंत यायचं. ज्यांना हे ठाऊक नव्हतं त्यांनी चार दिवसांनी फावड्यानं घर खरवडलं. भरलेला गॅस सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतो, फ्रीज आडवा होतो, शिसवी कपाटाची दारं फुगून अशी बसतात की आतलं सामान दिसतं पण निघत नाही, हेही एका घरानं दुसऱ्याला सांगायचं ज्ञान आहे.

आणि कागद. पुरात घराण्याच्या गोष्टीचा पुरावाच आधी भिजतो, कारण ट्रंक पलंगाखाली असते. बोरूनं काजळाच्या शाईत लिहिलेले मोडी कागद पाण्यातून निघाले तरी अक्षर धरून असतात, फक्त ओले असताना बोट फिरवायचं नाही. शाईच्या पेनाची पत्रं मात्र निळं पाणी होऊन जातात. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढायचे नाहीत: परातीत स्वच्छ गार पाणी घेऊन त्यात ठेवायचे, आपोआप सुटू द्यायचे, आणि चित्र वर करून सावलीत वाळवायचे. उन्हात ते गुंडाळतात. वह्यांच्या पानांत कोरे टिपकागद घालून ते पुन्हा पुन्हा बदलायचे. एका दिवसात जमणार नसेल तर वही पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायची, तिथं बुरशी धरत नाही आणि सवडीनं काम करता येतं.

माजघरातल्या त्या भांडणात दोघींच्या गोष्टी एव्हाना पुष्कळ पुढे गेल्या होत्या. पाचला झोपाळ्याची फळी भिजली, देवांचा कोनाडा कोरडा राहिला, यावर दोघींचं एकमत झालं. एकोणीसला कोनाड्यातून गाळ काढला आणि अन्नपूर्णेची मूर्ती सापडायला दोन दिवस लागले, यावरही. रेघ कोनाड्याच्या खाली हातभर होती. "बघा, म्हणून म्हणते पाचची," आजी म्हणाल्या. नणंदबाईंना उत्तर सुचेना.

रंगारी उठला. त्यानं लोखंडी पट्टीचं टोक रेघेच्या जरा वर टेकवून नखाएवढा रंग खरवडला. गुलाबीखाली पोपटी निघाला, पोपटीखाली पांढरा चुना. "ह्यो गुलाबी माझाच," तो म्हणाला. "एकोणीसच्या दिवाळीला दिला. पूर गेल्यावर. आन् रेघ ह्याच्यावर हाय, ह्याच्या आत न्हाई."

दोघी गप्प झाल्या. मग नणंदबाई सावकाश म्हणाल्या, "म्हंजे एकवीसची?"

एकवीसला या घरात कुणीच नव्हतं. एकोणीसचा धडा घेऊन पाणी दूर असतानाच सगळे मिरजेला भाच्याकडे गेले होते. परत आले, धुतलं, राहिले. कंबरभर पाणी रिकाम्या माजघरात आलं, थांबलं, रेघ ओढून गेलं, आणि त्याची एकही गोष्ट घरात नव्हती.

"मग ती एकोणीसची कुठं गेली?" आजींनी विचारलं.

रंगाऱ्यानं रोलरचा दांडा कोनाड्याच्या कमानीवर, आपल्या कपाळाच्या उंचीला टेकवला. "हितं हुती. मीच घासली, तुम्हीच सांगितलं तवा." मग पेन्सिल काढून त्यानं तिथं एक आडवी रेघ मारली, आणि खालच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना चार बोटं पट्टी सोडून बाकीच्या भिंतीला प्रायमर लावायला घेतला.